ॲलन मॅकडायर्मिड

ॲलन ग्रॅहॅम मॅकडायर्मिड (१४ एप्रिल १९२७ – ७ फेब्रुवारी २००७) हे न्यूझीलंडमध्ये जन्मलेले अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ होते. वीज वाहून नेणाऱ्या बहुवारिकांच्या (पॉलिमरांच्या) शोधासाठी व विकासासाठी ॲलन हीगर आणि हिदेकी शिराकावा यांच्यासमवेत त्यांना इ.स. २००० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी नव्याने अभ्यासलेले पॉलिॲनिलीन हे बहुवारिक पुढे वायुसंवेदकांसाठी विशेष उपयुक्त ठरले.

बालपण आणि शिक्षण

मॅकडायर्मिड यांचा जन्म मास्टर्टन येथे झाला. वडील अभियंता होते. महामंदीच्या काळात कामाच्या शोधात हे कुटुंब वेलिंग्टनजवळच्या लोअर हट येथे आले. वडिलांच्या जुन्या क्रमिक पुस्तकामुळे ॲलन यांना वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास रसायनशास्त्राची गोडी लागली. सोळाव्या वर्षी त्यांना शाळा सोडावी लागली. वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया युनिव्हर्सिटी कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात काचपात्रे धुण्याची व फरशी झाडण्याची नोकरी त्यांनी पत्करली आणि ती सांभाळून तेथेच पदवीचे शिक्षण घेतले. एम.एस्सी.साठी त्यांनी गंधक व नायट्रोजन यांच्या एका नारिंगी संयुगाचा अभ्यास केला. हा विषय सुमारे पाव शतकानंतर त्यांच्या आयुष्याला वळण देणार होता. पुढे फुलब्राइट शिष्यवृत्तीवर विस्कॉन्सिन विद्यापीठातून १९५३ मध्ये आणि केंब्रिजमधून १९५५ मध्ये अशा दोन पीएच.डी. पदव्या त्यांनी मिळवल्या. त्याच वर्षी ते फिलाडेल्फियातील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात रुजू झाले.

संवाहक बहुवारिकांचा शोध

सुमारे वीस वर्षे त्यांनी प्रामुख्याने सिलिकॉनच्या संयुगांवर काम केले. पन्नाशी जवळ आली असताना, पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक हीगर यांच्या आग्रहावरून, ते गंधक-नायट्रोजनच्या सोनेरी, धातूप्रमाणे वीज वाहणाऱ्या बहुवारिकाकडे वळले. १९७५ मध्ये तोक्यो येथील व्याख्यानानंतर चहापानाच्या वेळी शिराकावा यांनी त्यांना पॉलिॲसिटिलीनचा चंदेरी पापुद्रा दाखवला. पूर्वी शिराकावांच्या प्रयोगशाळेत चुकून हजारपट उत्प्रेरक पडल्यामुळे असा पापुद्रा प्रथम तयार झाला होता. मॅकडायर्मिड यांनी शिराकावांना फिलाडेल्फियास बोलावून घेतले.

पापुद्रा जितका शुद्ध, तितकी त्याची वाहकता कमी, असे तेथे आढळले. तेव्हा अशुद्धीच मुद्दाम मिसळावी, असा विचार पुढे आला. नोव्हेंबर १९७६ मध्ये ब्रोमीनच्या बाष्पाच्या संपर्कात येताच पापुद्र्याची वाहकता कोटीपटीने वाढली. ब्रोमीन किंवा आयोडीन बहुवारिकाच्या साखळीतून इलेक्ट्रॉन ओढून घेते आणि उरलेल्या रिक्त जागांमुळे विद्युतभार साखळीवरून सरकू लागतो. हे संशोधन १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले.

मात्र या क्षेत्राचा आरंभ येथूनच झाला असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. लंडनच्या हेन्री लेथबी यांनी १८६२ मध्येच ॲनिलिनाच्या विद्युत-ऑक्सिडीकरणातून रंग पालटणारा पदार्थ मिळवला होता. ऑस्ट्रेलियातील वाइस व सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये आयोडीनयुक्त पॉलिपायरोलची वाहकता नोंदवली होती. पारितोषिकानंतर या पूर्वसूरींची आठवण करून दिली गेली, ती रास्तच होती.

पॉलिॲनिलीन आणि वायुसंवेदन

पॉलिॲसिटिलीन हवेत टिकत नाही. त्यामुळे प्लॅस्टिकच्या तारांचे स्वप्न लवकरच अडखळले. १९८० च्या दशकात मॅकडायर्मिड स्वस्त आणि हवेत टिकाऊ अशा पॉलिॲनिलिनाकडे वळले. त्याचे एमेराल्डीन हे रूप वीजरोधक असते, परंतु आम्लात बुडवताच ते हिरवे होऊन वाहक बनते. येथे इलेक्ट्रॉन काढून घ्यावे लागत नाहीत. आम्लाचे प्रोटॉन साखळीतील नायट्रोजनला जोडले गेले, की पुरते. अमोनिया हे प्रोटॉन काढून घेतो आणि रोध वाढतो. अमोनिया निघून गेल्यावर वाहकता पुष्कळ अंशी परत येते. सभोवतालच्या वायूनुसार वाहकता बदलणे हा तारेच्या दृष्टीने दोष, पण संवेदकाला नेमके तेच हवे असते. शिवाय असा संवेदक सामान्य तापमानाला काम करतो. धातूंच्या ऑक्साइडांचे प्रचलित संवेदक मात्र बहुधा शेकडो अंशांपर्यंत तापवावे लागतात.

अडचण होती ती पदार्थ घडवण्याची. शुद्ध पॉलिॲनिलीन ठिसूळ असते आणि बहुतेक द्रावकांत विरघळत नाही. म्हणून ते दुसऱ्या, सहज घडवता येणाऱ्या बहुवारिकात मिसळतात. ड्रेक्सेल विद्यापीठातील फ्रँक को यांच्यासमवेत मॅकडायर्मिड यांनी २००० मध्ये पॉलिॲनिलीन व पॉलिएथिलीन ऑक्साइड यांच्या मिश्रणाचे अतिसूक्ष्म तंतू उच्च विद्युतदाबाच्या साहाय्याने काढले. वीजरोधक जोडीदारामुळे वाहकता काहीशी घटते, पण तंतू बारीक असल्याने वायू आतपर्यंत झटकन पोहोचतो. याच प्रकारच्या मिश्रणाच्या एका तंतूने दशलक्ष भागांत अर्धा भाग इतका अल्प अमोनिया ओळखता येतो, हे २००४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात दाखवले गेले. हवेतील आर्द्रतेचा परिणाम आणि कालांतराने मंदावणारा प्रतिसाद या अडचणींमुळे अशा संवेदकांचा प्रसार मात्र मर्यादित राहिला.

उत्तरायुष्य

१९५४ मध्ये त्यांचा मॅरियन मॅथ्यू यांच्याशी विवाह झाला. त्यांना तीन मुली व एक मुलगा अशी अपत्ये झाली. मॅरियन १९९० मध्ये निवर्तल्या. २००२ मध्ये मॅकडायर्मिड डॅलस येथील टेक्सास विद्यापीठात प्राध्यापक झाले. त्याच वर्षी न्यूझीलंडने त्यांना 'ऑर्डर ऑफ न्यूझीलंड' हा देशाचा सर्वोच्च सन्मान दिला. जेथे त्यांनी काचपात्रे धुतली होती, त्या वेलिंग्टनच्या विद्यापीठात आज त्यांच्या नावाची पदार्थविज्ञान व नॅनोतंत्रज्ञान संस्था आहे. अखेरच्या काळात ते रक्ताच्या विकाराने आजारी होते. न्यूझीलंडला जाण्यासाठी निघण्याच्या घाईत ड्रेक्सेल हिल येथील राहत्या घरी जिन्यावरून पडून त्यांचे निधन झाले.