लहुजी वस्ताद : तालमीचा वारसा

१ जानेवारी २०१३ रोजी सोनई परिसरात मेहतर समाजातील तीन तरुणांची जातीय द्वेषातून निर्घृण हत्या झाली. अशी बातमी आली की आपल्या पोरांच्या मुठी आवळतात. अंगातल्या या ताकदीचे करायचे काय, याचे उत्तर पुण्यातल्या एका तालमीत पावणेदोनशे वर्षांपूर्वीच मिळाले आहे.

लहुजी राघोजी साळवे यांचा जन्म १४ नोव्हेंबर १७९४ रोजी पुरंदरच्या पायथ्याशी, मातंग समाजात झाला. दांडपट्टा, तलवार, नेमबाजी हे घराण्याचेच शिक्षण. पेशवाईत ज्या जातीची सावलीही विटाळ मानली जाई, त्या जातीतला हा माणूस पुढे पुण्याचा वस्ताद झाला. गंजपेठेतल्या त्यांच्या तालमीत शिस्त कडक होती. तिथे जात विचारली जात नसे, अंगातून किती घाम निघाला हे पाहिले जाई. माळ्याचे जोतीराव फुले आणि त्यांचे ब्राह्मण मित्र सदाशिवराव गोवंडे, दोघेही याच वस्तादांपुढे वाकले.

परंपरा सांगते, की लहुजींनी लग्न केले नाही. पोटचा मुलगा नाही, मग हे कसब द्यायचे कुणाला? त्यांनी ते शिष्यांना दिले. १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. शिव्या आणि शेण झेलत फुले दांपत्य उभे राहिले, तेव्हा वस्ताद त्यांच्या पाठीशी होते. पुढे अस्पृश्यांच्या शाळेसाठी महार-मांगांच्या वस्त्यांत फिरून मुले गोळा करण्यात लहुजी आणि राणबा महार पुढे होते. त्याच शाळेतल्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीचा महार-मांगांच्या दुःखावरचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'ने छापला. हे नियतकालिक मूळचे आपल्या नगरचे.

वस्तादांचे निधन १७ फेब्रुवारी १८८१ रोजी झाले. वारसा मात्र थांबला नाही. जोतीरावांनी काशीबाई या विधवेचा मुलगा यशवंत दत्तक घेतला आणि पुढे तो डॉक्टर झाला. १८९० मध्ये जोतीराव गेले, तेव्हा दत्तक मुलाचा अग्नी देण्याचा हक्क भाऊबंदांनी नाकारला. सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे धरले. १८९७ च्या प्लेगात त्याच यशवंताने हडपसरजवळ दवाखाना उघडला. रोग्यांची सेवा करतानाच सावित्रीबाईंनी तिथे प्राण सोडला.

बाबासाहेबांनी बुद्ध, कबीर आणि फुले यांना गुरू मानले. म्हणजे आपल्या गुरूचाही एक वस्ताद होता, आणि तो मांगवाड्यातला होता. तथागतांनीही आपल्यामागे गादीवर कुणाला बसवले नाही, धम्मालाच शास्ता मानायला सांगितले. वारस रक्ताने ठरत नाही, शिकवण पुढे नेणारा वारस ठरतो.

म्हणून तरुणांनो, तालमीत जरूर जा, अंग कमवा. पण वस्तादांनी आपले बळ शाळेच्या दारात उभे केले होते, हे विसरू नका. आपल्या वस्तीतले एकही लेकरू शाळेबाहेर राहणार नाही, एकही कुटुंब भीतीने एकटे पडणार नाही, एवढी राखण आपण केली तरी आपण त्यांचे वारस.

लहुजी वस्तादांना विनम्र अभिवादन! जय लहुजी, जय भीम!