नाईक यशवंत घाडगे आणि तीन सेकंदांचा हिशोब

मोबाईलवरच्या खेळांमुळे ‘सिंगल’, ‘बर्स्ट’, ‘ऑटो’ हे शब्द आता चौथीतल्या मुलांनाही पाठ असतात. ‘ऑटो’ केलं की बंदूक थांबतच नाही, अशी त्यांची पक्की समजूत असते. आपल्या नाशिकच्या मुलांना देवळालीच्या तोफांचा आवाज ओळखीचा, त्यामुळे लष्कराचं कुतूहल जरा जास्तच. म्हणून वीरांच्या गोष्टी सांगताना यशवंत घाडगे यांचं चरित्र जरूर घ्या.

यशवंतरावांचा जन्म १९२१ चा. गाव पळसगाव, तालुका माणगाव, आजचा रायगड जिल्हा. कोकणातली अनेक घरं तेव्हा शेतीवर भागत नाही म्हणून मुलगा मुंबईला तरी पाठवत, नाहीतर पलटणीत. यशवंतराव पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत होते. दुसऱ्या महायुद्धात ही पलटण इटलीत लढत होती. बाविसाव्या वर्षी ते नाईक होते, म्हणजे एका छोट्या तुकडीचे प्रमुख.

आता तुकडीच्या हत्यारांकडे या. मुलं इथेच कान टवकारतात. बहुतेक जवानांकडे ली-एन्फील्ड रायफल असे. मॅगझिनमध्ये दहा गोळ्या, पण प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागे-पुढे करायचा, तेव्हा कुठे दुसरी गोळी नळीत जाणार. सरावलेला जवान मिनिटाला साधारण पंधरा नेमक्या गोळ्या मारी. तुकडीप्रमुखाकडे मात्र टॉमी गन. तिला एक छोटी कळ असते. कळ एकीकडे केली तर चाप ओढला की एकच गोळी, दुसरीकडे केली तर चाप दाबून धरेपर्यंत गोळ्यांची सर. वेग मिनिटाला सहाशेच्या वर.

इथे फळ्यावर भागाकार करून घ्या. मिनिटाला सहाशे, म्हणजे सेकंदाला दहा. मॅगझिनमध्ये वीस किंवा तीस गोळ्या. चाप दाबून धरला तर जास्तीत जास्त तीन सेकंद! मग मॅगझिन काढा, नवं बसवा, आणि तेवढा वेळ शत्रू समोर. (गणिताचं हे उदाहरण मुलं विसरत नाहीत.)

१० जुलै १९४४. इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात कंपनीने शत्रूच्या मजबूत ठाण्यावर चढाई केली. अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला आणि घाडगे यांच्या तुकडीतले सगळे जण मेले किंवा जखमी झाले. उभे राहिले एकटे यशवंतराव. मागून कुणी येणार नाही हे कळत असूनही ते मशीनगनवर धावून गेले. आधी हातबॉम्ब फेकला, त्यात मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही गारद. मग टॉमी गनने आणखी एकाला टिपलं. अजून दोघे बाकी होते आणि मॅगझिन बदलायला वेळच नव्हता. त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याने त्या दोघांना ठार केलं. ठाणं पडलं, पण लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून यशवंतराव तिथेच कोसळले.

लहान वर्गात शेवटचा झटापटीचा भाग थोडक्यात सांगावा असं माझं मत आहे. पण तुकडीतले बाकीचे जवान गाळू नका. ‘एकट्याने’ हा शब्द त्यांच्यामुळेच आला.

मुलं विचारतीलच, आजच्या बंदुकांचं काय? आपल्या सैन्यात पुढे आलेल्या इन्सास रायफलला एकेक गोळी आणि एका चापात तीन गोळ्या, अशा दोन सोयी दिल्या. चाप दाबून धरला तरी तीननंतर मारा थांबतो. गोळ्या वाया जाऊ नयेत, नेम ढळू नये, हा हेतू.

यशवंतरावांना नोव्हेंबर १९४४ मध्ये मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे. सहल कोकणात जाणार असेल तर वाटेत थांबता येईल. इटलीतल्या कॅसिनो इथल्या युद्धस्मारकावरही त्यांचं नाव कोरलेलं आहे.