नाथांचे घरचे रूप

पैठणच्या नाथमहाराजांना आईबापांचे सुख लाभले नाही. आजोबा चक्रपाणींनीच वाढविले. सज्जनहो, ती माया त्यांनी दामदुपटीने फेडली. शके १४९५ (सन १५७३) मध्ये काशीस मराठी भागवत पुरे करणाऱ्या नाथांचाच मुलगा हरिपंडित, प्राकृतावर रुसून काशीस गेला. परंपरा सांगते, नाथ स्वतः जाऊन त्याला घेऊन आले. मुलाच्या अटीखातर प्राकृत पुराणही थांबविले. मुलगा संस्कृत सांगू लागला, श्रोते ओसरले. मग अभिमान गळाला आणि त्यानेच वडिलांना पुन्हा पुराणास बसविले. मुलीचा मुका बाळ आजोबांच्या कृपेने बोलू लागला म्हणतात. तोच मराठी भारत रचणारा मुक्तेश्वर. शके १५२१, फाल्गुन वद्य षष्ठीस नाथ गेले. षष्ठीला पैठणास जाल, तेव्हा मुलाशी वाद न घालणारा हा बापही आठवा.