दादासाहेब फाळके : फोटोग्राफर आणि मुद्रक

हळदीकुंकू असो, मंगळागौर असो, फोटो काढल्याशिवाय आपला एकही समारंभ हल्ली पुरा होत नाही. परंतु सव्वाशे वर्षांपूर्वी कॅमेरा समोर आला की माणसे मागे सरत. फोटो काढल्याने अंगातील शक्ती निघून जाते, अशी समजूत होती. गोध्र्यास फोटोचे दुकान थाटणाऱ्या एका तरुण महाराष्ट्रीयाला याच समजुतीशी झगडावे लागले. तो तरुण म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. दादासाहेबांना आपण चित्रपटांचे जनक म्हणून ओळखतो. पण त्याआधी ते फोटोग्राफर आणि नामांकित मुद्रक होते, हे पुष्कळांच्या लक्षात नसते.

त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी, एका शास्त्र्यांच्या घरी झाला. घरची विद्या संस्कृतची, मुलाचा ओढा मात्र चित्रांकडे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकला, फोटोग्राफी व छपाईसाठी ठसे करण्याची विद्या आत्मसात केली. गोध्र्यास प्लेगने त्यांची पत्नी व मूल हिरावून नेले. १९०२ साली त्यांनी दुसरा विवाह केला. या पत्नी म्हणजेच सरस्वतीबाई. १९०३ पासून दादासाहेबांनी पुराणवस्तू खात्यात नोकरी केली; पण स्वदेशीचे वारे वाहू लागताच ती सोडून स्वतंत्र धंद्याची वाट धरली.

लोणावळ्यास त्यांचा छापखाना सुरू झाला. पुढे तो दादरला आला आणि लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स या नावाने गाजला. रंगीत चित्र छापणे त्या काळी मोठे जिकिरीचे होते. एकाच चित्राचे तीन वेळा, निरनिराळ्या रंगांच्या काचांमधून फोटो घ्यायचे, त्यांवरून तीन ठसे करायचे आणि पिवळी, तांबडी व निळी शाई एकावर एक अशी बसवायची की केसभरही सरकता कामा नये. एक ठसा हलला की देवीचा चेहरा बिघडलाच! राजा रविवर्म्यांच्या चित्रांच्या छपाईचेही काम त्यांनी केले. ‘सुवर्णमाला’ हे सचित्र मासिक याच छापखान्यातून निघे. यंत्रे आणण्यासाठी १९०९ साली ते जर्मनीसही जाऊन आले.

धंदा भरभराटीस आला आणि भागीदारांशी मतभेद झाले. दादासाहेब रिकाम्या हातांनी बाहेर पडले. याच सुमारास ख्रिस्तचरित्राचा चित्रपट त्यांच्या पाहण्यात आला, आणि आपले रामकृष्ण असे पडद्यावर का येऊ नयेत, या विचाराने त्यांना पछाडले. चाळिशी उलटलेली, मिळकत बंद, घरात लहान मुले. १९१२ साली लंडनला जाऊन त्यांनी कॅमेरा आणला. कुंडीत वाटाणा पेरून, त्याच्या वाढीची रोज थोडी थोडी चित्रे घेऊन त्यांनी एक छोटा चित्रपट केला व तो दाखवून भांडवल मिळवले. सरस्वतीबाईंचे दागिनेही या कामी गेले.

दागिने देऊन ही माउली स्वस्थ बसली नाही. कोऱ्या फिल्मला अंधारात भोके पाडणे, ती धुणे, उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभे राहणे आणि वर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक! ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत लोकांपुढे आला. त्यात तारामतीचे काम पुरुषाने केले, कारण बायका मिळेनात. पण त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई यांनी काम केले. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये दादासाहेबांची मुलगी मंदाकिनी बाळकृष्ण झाली.

पुढे बोलपट आले, आणि काळ पालटला. ‘गंगावतरण’ हा १९३७ चा त्यांचा अखेरचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला, विपन्नावस्थेत, त्यांचे निधन झाले. १९६९ पासून त्यांच्या नावे सर्वोच्च चित्रपट-सन्मान दिला जातो.

त्यांच्या जुन्या चित्रपटांतले जे थोडे उरले, ते आपल्याच पुण्यात, विधी महाविद्यालय रस्त्यावरील चित्रपट संग्रहालयात जतन झाले आहे. खराडीहून ते काही फार दूर नाही. ती चित्रे कधी पाहण्यात आली, तर पडद्यावर न दिसणारे, चादर धरणारे ते दोन हातही भगिनींनी आठवावेत.