चार्ली चॅप्लिन : हसविणारा एकाकी

टिचभर मिशी, डोक्यावर गोल काळी टोपी, अंगाला आवळलेला कोट, ढगळ विजार, पायांत अवाढव्य बूट आणि हातात बांबूची छडी. ही मूर्ती कोणास ठाऊक नाही? ती पडद्यावर येताच लहानथोर हसू लागतात. परंतु चार्ली चॅप्लिन यांचे चित्रपट लक्षपूर्वक पाहिले म्हणजे आम्हांस जाणवते की, हा भटक्या बहुधा एकटा असतो. त्याला घर नाही, आप्त नाहीत, आणि चित्रपट संपतो तेव्हा पुष्कळदा तो रस्त्याने एकटाच चालू लागलेला असतो.

चॅप्लिन यांचा जन्म १६ एप्रिल १८८९ चा. दक्षिण लंडनमधील गरीब वस्तीत ते वाढले. आईवडील दोघेही गाण्यानकलांच्या रंगमंदिरांतील गायक होते. वडील मद्याच्या आहारी जाऊन कुटुंबापासून दुरावले. पाचव्या वर्षी घडलेला एक प्रसंग चॅप्लिन यांनी आत्मचरित्रात नमूद केला आहे. ऑल्डरशॉट येथे सैनिकांपुढे गात असता आईचा आवाज फाटला व हुर्यो सुरू झाली. तेव्हा चार्लीला रंगमंचावर आणण्यात आले. लोक नाणी फेकू लागताच गाणे थांबवून त्याने ती वेचली आणि मग भोळेपणाने आईच्या फाटलेल्या आवाजाचीही नक्कल केली. प्रेक्षक हसून लोटपोट झाले. आईला मात्र आपला आवाज पुन्हा कधीच नीटसा गवसला नाही. ज्या हास्याने मुलाचा उदय झाला, त्याच्या मुळाशी आईचा अस्त होता, हे आमच्या मनातून जात नाही.

१८९६ मध्ये आई, थोरला भाऊ सिडने आणि चार्ली यांना लॅम्बेथच्या निर्धन-निवासात जावे लागले. तेथे मुलांना आईपासून वेगळे ठेवीत. पुढे १९०१ मध्ये वडील वारले आणि १९०३ मध्ये आईचे मन भ्रमले. तिला हाताशी धरून रुग्णालयात नेऊन पोहोचविले ते चौदा वर्षांच्या चार्लीनेच. सिडने तेव्हा जहाजावर नोकरीस होता. पुन्हा अनाथांच्या शाळेत पाठवतील या भीतीने, आपण मावशीकडे राहू असे मुलाने डॉक्टरांस खोटेच सांगितले आणि सिडने परतेपर्यंत तो घरमालकिणीची नजर चुकवीत दिवस काढू लागला. आमच्या विद्यार्थी वाचकांनी आपले वय क्षणभर त्याच्या वयाशी ताडून पाहावे.

पुढील उत्कर्ष झपाट्याने झाला. १९०८ मध्ये फ्रेड कार्नो यांच्या मंडळीत प्रवेश, १९१० मध्ये अमेरिकेचा पहिला दौरा आणि १९१४ मध्ये मूकपटांत पदार्पण. भटक्याचा तो वेष त्याच वर्षीचा.

१९२५ सालच्या ‘द गोल्ड रश’ या चित्रपटातील एक प्रसंग आम्हांस त्यांच्या साऱ्या कृतींत श्रेष्ठ वाटतो. बर्फाळ प्रदेशात सोने शोधायला आलेला हा भटक्या नववर्षाच्या पूर्वरात्री जॉर्जिया व तिच्या मैत्रिणींना जेवायला बोलावतो. मेज सजवितो, भेटवस्तू मांडतो आणि वाट पाहता पाहता झोपी जातो. स्वप्नात पाहुण्या आलेल्या आहेत, आणि तो दोन काट्यांना पावाचे तुकडे टोचून त्यांचा नाच करून दाखवीत आहे. मध्यरात्रीच्या जल्लोषाने जाग येते तो खोली रिकामी! आमंत्रण त्या विसरूनच गेलेल्या असतात. मग तो नृत्यगृहाशी जाऊन खिडकीतून आतला आनंद पाहत उभा राहतो. त्याच्यावर कोणी जुलूम केलेला नाही, कोणी त्याला हाकललेले नाही. त्याची आठवणच कोणाला राहिली नाही, एवढेच. याच चित्रपटात भुकेपोटी बूट उकडून खाण्याचा प्रसंग आहे. तो अधिक प्रसिद्ध असला, तरी आमच्या मते ही रिकामी खोली त्याहून भेदक आहे.

१९२७ नंतर बोलपट आले. १९२८ मध्ये आई कॅलिफोर्नियात वारली. मुलांनी तिला तेथे आणून ठेवले होते. त्याच वर्षाच्या अखेरीस चॅप्लिन यांनी ‘सिटी लाइट्स’चे चित्रण आरंभिले आणि संभाषणाविना, केवळ स्वतः रचलेल्या संगीतासह, १९३१ मध्ये तो प्रदर्शित केला. आंधळ्या फुलवालीची व भटक्याची पहिली भेट मनासारखी उतरेपर्यंत त्यांनी ३०० हून अधिक वेळा चित्रित केली. शेवटी दृष्टी लाभलेली ती मुलगी दुकानाच्या काचेआडून या फाटक्या माणसाकडे पाहून हसते. पुन्हा तीच काच, पुन्हा तो बाहेर! ती बाहेर येऊन त्याच्या हातावर नाणे ठेवते आणि स्पर्शाने त्याला ओळखते. पुढे काय होते ते चित्रपट सांगत नाही.

१९३६ च्या ‘मॉडर्न टाइम्स’च्या अखेरीस मात्र भटक्या रस्त्याने एका सोबतिणीसह जातो. त्यानंतर चॅप्लिन यांनी त्याला पडद्यावर आणले नाही, असे सामान्यतः मानले जाते. १९५२ मध्ये, म्हाताऱ्या, विस्मृत विदूषकाची कथा सांगणारा ‘लाइमलाइट’ घेऊन ते लंडनला निघाले असता, राजकीय संशयापायी त्यांचा अमेरिकेत परतण्याचा परवाना रद्द झाला. ते स्वित्झर्लंडमध्ये व्हेवेनजीक पत्नी ऊना यांच्यासह स्थायिक झाले. या दांपत्यास आठ अपत्ये झाली. मुलांनी गजबजलेल्या त्याच घरी २५ डिसेंबर १९७७ रोजी, नाताळच्या पहाटे, झोपेतच त्यांचे देहावसान झाले.