जागरणांचा कवी

उत्तर अटलांटिक महासागरातील आइसलंड हा हिमनद्यांचा आणि ज्वालामुखींचा देश. तेथील हवा अतिशय थंड व पीक तुटपुंजे. परंतु हिवाळ्याच्या दीर्घ रात्री घरोघरी प्राचीन कथाकाव्यांचे वाचन चाले. अशाच एका दरिद्री घरी १८५३ साली स्टेफान स्टेफानसन यांचा जन्म झाला. लहानपणी एकदा ओळखीचे तीन तरुण घोड्यांवर बसून दूरच्या विद्यालयाकडे निघालेले त्याने पाहिले. आपल्या नशिबी शाळा नाही, हे जाणून तो बालक माळावर जाऊन एकटाच रडला.

त्या काळी हजारो आइसलंडवासी पोटासाठी अमेरिका खंडाची वाट धरीत होते. १८७३ साली स्टेफानही आईवडिलांसह निघाले. प्रथम विस्कॉन्सिन, १८८० साली डकोटा आणि १८८९ साली कॅनडातील आजचा अल्बर्टा प्रांत, अशा तीन ठिकाणी त्यांनी पडीक जमीन फोडून नवा संसार मांडला. अल्बर्टातील त्यांच्या वस्तीत शाळा निघाली, तेव्हा तिच्या स्थापनेत ते अग्रभागी होते. ज्याला शाळा लाभली नव्हती, त्याने इतरांच्या मुलांसाठी ती उघडली!

दिवसभर ते शेतात राबत आणि सारे निजले की लेखणी हाती घेत. ते लिहीत आपल्या मातृभाषेतच. १९०९ पासून त्यांचे काव्यसंग्रह प्रसिद्ध होऊ लागले. त्यांना त्यांनी ‘जागरणे’ या अर्थाचे नाव दिले. त्याच वर्षी त्यांचा तरुण मुलगा वीज पडून मृत्यू पावला. तो घाव त्यांनी सोसला. लेखणी मात्र खाली ठेवली नाही.

पहिल्या महायुद्धाचा त्यांनी निर्भयपणे निषेध केला. कॅनडातील अनेक आइसलंडी घरांतील तरुण तेव्हा रणांगणावर होते. त्यामुळे स्वकीयांचाच रोष त्यांना पत्करावा लागला. तरीही ते आपल्या मतापासून ढळले नाहीत.

१९१७ साली मायभूमीने त्यांना सन्मानाने बोलावले. ४४ वर्षांपूर्वी ज्या देशातून ते अन्नासाठी बाहेर पडले होते, तेथे गावोगाव त्यांचे स्वागत झाले. सत्कार संपताच ते पुन्हा आपल्या शेताकडे परतले. १९२७ साली त्यांचे निधन झाले. त्यांचे अल्बर्टातील घर आज स्मारक म्हणून जतन केले आहे. त्यांनी देश सोडला, पण त्याची भाषा अखेरपर्यंत उराशी जपली.