बहिऱ्या मुलाचा लुकलुकता तारा

जॉन गुडरिक लहानपणीच्या एका आजारात बहिरा झाला. तो आजार स्कार्लेट फीवर असावा, असे म्हणतात. अँटिबायोटिक्स नसलेल्या काळात त्या तापाने मुलांचे कान जात, म्हणून मला ते पटते.

नोव्हेंबर १७८२ मध्ये, १८ वर्षांच्या गुडरिकला यॉर्क शहरातून ययाती तारकासमूहातला अलगॉल एकाएकी मंद झालेला दिसला. मग रात्रीमागून रात्र शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करत त्याने हिशेब मांडला. दर २ दिवस आणि जवळपास २१ तासांनी अलगॉलचा प्रकाश तिसऱ्या हिश्श्यावर येतो. एखादा काळोखा गोल त्याच्यासमोरून जात असावा किंवा ताऱ्यावरच डाग असावेत, असे त्याने सुचवले. १७८३ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला कोपली पदक दिले. पहिला तर्क बरोबर होता; मात्र वर्णपटावरून खात्री पटायला १८८९ उजाडले. तो सोबती काळोखा नाही, फिकट तारा आहे. आज ‘केप्लर’, ‘टेस’ या अवकाश दुर्बिणींनी अशा हजारो जोड्यांची ग्रहणे टिपली आहेत. ग्रहण किती वेळ चालते, यावरून ताऱ्यांचे आकार काढता येतात.

गुडरिक एप्रिल १७८६ मध्ये गेला, अवघ्या २१ व्या वर्षी. रॉयल सोसायटीवर निवड होऊन काहीच दिवस झाले होते. रात्रीच्या गारठ्यामुळे न्यूमोनिया झाला, असे सांगतात. न्यूमोनिया जंतूंमुळे होतो. नुसत्या गारठ्याला दोष देणे मला जड जाते.